फिजिओ संपल्यानंतरचे अकरा महिने : तासगाव तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

मार्चच्या पहिल्या आठवड्यात १० मीटर चालायला १९ सेकंद. ऑगस्टच्या शेवटी तेच अंतर, तीच काठी, २७ सेकंद.

या प्रकरणात समजून घ्यायचं ते या दोन आकड्यांच्या मधे आहे. मेंदूत नवीन काही बिघडलं नव्हतं, सीटी स्कॅनमध्येही जुन्या डागाशिवाय काही नव्हतं. तरी माणूस मागे गेला. पक्षाघाताच्या झटक्यानंतरचं (स्ट्रोकनंतरचं) पुनर्वसन 'पूर्ण' झाल्याचा शेरा कागदावर पडल्यानंतर असं का होतं आणि त्यातलं काय परत मिळवता येतं, ते इथे एका घराच्या तपशिलातून मांडलं आहे. प्रकरण प्रातिनिधिक आहे. या भागात वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एका कुटुंबाभोवती गुंफल्या आहेत.

रुग्ण ६१ वर्षांचे, अडीच एकर द्राक्षबाग, घरातले सगळे 'आबा' म्हणतात. बीपी जुनं, तंबाखू त्याहून जुनी. नोव्हेंबरात, फळछाटणी उरकून बाग फुटीवर असताना, पहाटे उजव्या अंगावरनं वारं गेलं आणि बोलणं बंद झालं. आधी तेलाची मालीश झाली, कुणीतरी पारव्याचं रक्त सुचवलं, त्याची शोधाशोध झाली. मिरजेला पोचेस्तोवर सहा तास गेले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ टळली होती. नऊ दिवस दवाखाना, मग आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी, असे चार महिने गेले. शेवटी हातात १२ व्यायामांचा छापील कागद आणि "आता घरीच करा" हा सल्ला.

मार्चमधली स्थिती वाईट नव्हती. पायात प्लास्टिकचा आधार, म्हणजे स्प्लिंट, डाव्या हातात काठी घेऊन आबा एकटे चालत. उजव्या हाताची मूठ वळे, बोटं अर्धी उघडत, मनगट थोडं वर उचले. समजत सगळं होतं, पण बोलताना आठ-दहा शब्दांपलीकडे गाडी जात नव्हती.

मार्च हा महिनाच वाईट

घरी परतले ती वेळ बघा. द्राक्षाची काढणी, बेदाण्याच्या शेडवर माल टाकायची धांदल, बायका पहाटे पाचला उठून मजुरांचा चहा-नाष्टा करणाऱ्या. अशा घरात एका माणसाला सदरा घालायला १४ मिनिटं लागतात. सूनबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आबा, मी घालते." दीड मिनिटात सदरा अंगात. पुढचे पाच महिने तो तसाच अंगात गेला.

हयगय कुणीच केली नाही, उलट सेवा चोख झाली. ताट हातात, भाकरी कुस्करून, पाणी तोंडाशी. मायेइतकीच घाईनं ही सेवा करून घेतली आणि दिवसभरात उजव्या हाताला एकही काम उरलं नाही. स्ट्रोकनंतर पहिले तीन महिने सुधारणा झपाट्यानं होते, सहा महिन्यांनंतर ती संथ होते. तोवर जे आलेलं असतं ते टिकतं वापरानं. हात वापरला नाही, तर जेवढं येत होतं तेवढंही माणूस करायचं सोडून देतो. कागदावरचे १२ व्यायाम सकाळी अर्धा तास व्हायचे. उरलेल्या साडेपंधरा जागत्या तासांत हात मांडीवर पडून. अर्ध्या तासानं साडेपंधरा तासांची भरपाई होत नाही.

ऑगस्टमध्ये घरी जाऊन तपासणी झाली ती व्यायामाच्या कागदावरून नाही, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतच्या दिनक्रमावरून. प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न : यातलं आबा काय करतात आणि घरचे काय करतात? २३ कामांपैकी आबांच्या वाट्याला चार होती. पुढचं सगळं नियोजन या यादीतून निघालं.

परसातल्या तीन पायऱ्या

घसरणीला सुरुवात झाली एप्रिलमध्ये, संडासाला जाताना घसरल्यापासून. हाड मोडलं नाही, पण धास्ती बसली. त्यानंतर आबा दिवसाचं पाणी कमी पिऊ लागले, म्हणजे जावंच लागू नये. त्यातून बद्धकोष्ठ, मग कुंथणं, मग आणखी धास्ती.

जुनं घर, मागच्या दाराला तीन पायऱ्या, प्रत्येक आठ इंच, खाली शहाबादी फरशी, तिच्यावर शेवाळ. संडास परसात, टोकाला. घरच्यांनी गवंडी लावून दोन गोष्टी आधीच केल्या होत्या : पायऱ्यांना एका बाजूला कठडा आणि संडासात भिंतीला एक दांडी. खर्च झाला, उपयोग झाला नाही. कारण दोन्ही ठिकाणी एकच चूक होती.

उतरताना कठडा आबांच्या डाव्या हाताला येई, ठीक. परत चढताना तोच कठडा उजव्या, म्हणजे निकामी हाताला. संडासातही तेच. आत शिरताना डावीकडची भिंत चांगली वाटते म्हणून दांडी तिथे ठोकली. पण माणूस आत जाऊन वळतो आणि दाराकडे तोंड करून बसतो, तेव्हा ती दांडी उजवीकडे जाते. जाताना डावं ते येताना उजवं, एवढं गवंड्याला कुणी सांगितलं नव्हतं. कठडा, दांडी, नळ, मग, काहीही बसवण्यापूर्वी रुग्णाला जागेवर नेऊन प्रत्यक्ष बसवावं, उठवावं आणि त्याचा चांगला हात आपसूक जिथे जातो तिथे खडूनं खूण करावी. टेप त्यानंतर काढावी.

बदल असे झाले. पायऱ्यांना दुसऱ्या बाजूलाही कठडा. आठ इंचाच्या प्रत्येक पायरीच्या अर्ध्या रुंदीत चार इंचाची मधली पायरी. शेवाळ घासून फरशीवर खरबरीत सिमेंटचा हात. संडासाच्या भारतीय भांड्यावर लोखंडी कमोड-खुर्ची, बसायची उंची १८ इंच. अशी खुर्ची ओल्या फरशीवर सरकते, म्हणून पायांना रबरी बूट आणि मागचे दोन पाय भिंतीला टेकवून. दांडी सव्वा इंची पाइपाची, भिंतीपासून दीड इंच मोकळी. त्याहून जास्त फट ठेवली, तर हात सटकून कोपरापर्यंत आत अडकतो. भिंत जुनी, मातीच्या दरजेची, तिच्यात ठोकलेला खिळा ओढला की गिलाव्यासकट बाहेर येतो. म्हणून दांडी भिंतीला न ठोकता उभा पाइप जमिनीत दीड फूट खोल काँक्रीटमध्ये गाडला. दार पत्र्याचं, आत उघडणारं. आतला माणूस दाराला टेकून पडला तर दार उघडतच नाही, म्हणून बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडतं केलं आणि कडी बाहेरूनही सरकवता येईल अशी बसवली.

पायऱ्यांचा नियम घरातल्या नातवालाही पाठ झाला : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. काठी दुबळ्या पायाबरोबर. काठी कायम चांगल्या हातात आणि हात सरळ सोडला की तिची मूठ मनगटाच्या वळीशी यावी. आबांची काठी दोन इंच उंच होती, त्यामुळे डावा खांदा वर चढलेला असायचा. खालून कापली, नवं रबर घातलं. रबर गुळगुळीत झालं की बदलायचं, ते चपलेच्या दुकानात नाही, सर्जिकलच्या दुकानात मिळतं.

डावा हात आणि पंगत

ही गोष्ट कुठल्याच डिस्चार्ज कार्डावर लिहिलेली नसते. आबा मे महिन्यापासून घरच्यांसोबत जेवायला बसत नव्हते. भूक कमी झाली, असं समजून टॉनिक आणलं गेलं. खरं कारण वेगळं होतं. उजवा हात गेल्यावर धुण्याचं काम डाव्या हाताला, आणि जेवणही त्याच हाताला. चार माणसांत डाव्या हातानं घास घ्यायचा ही आबांना जन्माची लाज वाटत होती, आणि ती बोलून दाखवायला शब्द नव्हते. लग्नाच्या पंगतीचं आमंत्रण आलं की मान हलवून नकार.

संडासात पाण्याचा जेट बसवला, त्यामुळे हात लावायची गरज जवळपास संपली. साबण बाटलीतला, दाबायचा, डाव्या बाजूला टांगलेला. जेवणासाठी उजव्या हातात चमचा. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो अंगठ्याएवढा जाड केला, कारण अर्धवट वळणाऱ्या मुठीत बारीक दांडा फिरतो. ताटाऐवजी उभ्या काठाचा वाडगा, खाली ओलं फडकं म्हणजे तो सरकत नाही. पहिले पाच घास उजव्या हातानं, दमल्यावर बाकीचे डाव्या हातानं चमच्यानं. भाकरी कोरडी नको. तिचा भुगा घशात उडून ठसका लागतो, त्यामुळे आमटीत पूर्ण भिजवून. चहासारख्या पातळ पदार्थाला मात्र आबांना ठसका लागत नव्हता. ज्यांना लागतो किंवा जेवणानंतर आवाज ओला, घोगरा होतो, त्यांनी गिळण्याची तपासणी करून घेतल्याशिवाय घरगुती प्रयोग करू नयेत. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया जिवावर बेततो. जेवताना ताठ बसायचं आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हे सगळ्यांनाच लागू.

खांदा कुणी दुखवला

ऑगस्टमध्ये उजवा हात खांद्यापर्यंत उचलायला गेलं तरी आबा ओरडत. हे दुखणं स्ट्रोकनं दिलं नव्हतं, ते नंतर तयार झालं. दाराच्या चौकटीला कप्पी अडकवून दोरीनं हात वर ओढायचा व्यायाम शेजारच्या गावातल्या एका पेशंटचं बघून सुरू झाला होता. दुबळ्या खांद्यात स्नायू हाड जागेवर धरून ठेवत नाहीत. खांद्यामागचं सपाट हाड (फावडं) फिरत नसताना हात डोक्यावर ओढला की सांध्यातले पडदे हाडांमध्ये चिमटतात. कप्पी त्याच दिवशी काढली. दुसरं कारण : मोटरसायकलवर मागे बसवताना पुतण्या उजव्या दंडाला धरून वर ओढत असे. उचलायचं तर कमरेला रुंद पट्टा किंवा घट्ट बांधलेलं उपरणं, आणि धरणारा माणूस दुबळ्या बाजूला. दंडाला हात नाही, काखेत तर नाहीच.

आता करायचं ते एवढंच : टेबलावर टॉवेल, त्यावर दोन्ही हात, पुढे सरकवायचा आणि मागे आणायचा, १५ वेळा, दिवसातून तीनदा, दुखायच्या आत थांबून. बसल्यावर हात मांडीवरून लोंबकळू द्यायचा नाही, उशीवर ठेवायचा. झोळी फक्त चालताना. दिवसभर अडकवली तर कोपर वाकडा आखडतो. मालीश चालेल, पण हलक्या हातानं. शेक मात्र नको. उजव्या हाताला गरम-गार नीट कळत नसल्यानं फोड येईपर्यंत समजत नाही. आंघोळीचं पाणीही डाव्या हातानं बघून घ्यायचं. सात आठवड्यांत खांद्याचं दुखणं रात्रीपुरतं उरलं.

बेदाणा

हाताच्या व्यायामाला घरच्यांनी रबरी चेंडू दिला होता. दाबून दाबून मूठ आणखी घट्ट झाली. आबांना वळायचं कमी नव्हतं, उघडायचं कमी होतं. चेंडू नातवाला गेला.

घरात बेदाणा होता, तोच कामाला घेतला. आधी तळहात स्टुलावर पालथा टेकवून त्यावर दोन मिनिटं अंगाचा भार, त्यानं मूठ सैल पडते. मग परातीतले २० बेदाणे उजव्या हाताच्या चिमटीत उचलून डावीकडच्या वाटीत. चूक इथे अशी होते : बोटं थकली की माणूस खांदा उचलून आणि कंबर वाकवून बेदाण्यापर्यंत पोचतो आणि आकडा वाढतो, हात मात्र तिथेच. म्हणून पाठ खुर्चीला टेकवून छातीवरून उपरणं सैल बांधलं, नुसती आठवण राहावी इतकंच. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत ११ बेदाणे. चांगला हात मोज्यात बांधून दुबळ्याकडून काम करून घ्यायची पद्धत आहे, पण आबांना काठीसाठी डावा हात हवा, त्यामुळे ती इथे घेतली नाही. आठवड्याभरानं काळा, डागी, काडीचा बेदाणा निवडायचं खरं काम दिलं. त्याच दिवसापासून आबा स्वतःहून परात मागू लागले. २० मिनिटं सकाळी, २० मिनिटं दुपारी. डिसेंबरात पाच मिनिटांत ३४.

सदऱ्याचं बटण मात्र आजही लागत नाही. चार बटणं काढून आतून वेल्क्रो आणि वरून नुसती बटणं शिवली. लेंग्याची नाडी गेली, इलॅस्टिक आलं. दुबळा हात बाहीत आधी घालायचा, काढताना शेवटी. या क्रमानं आणि वेल्क्रोनं सदरा सहा मिनिटांवर आला.

आणि घरासाठी एक नियम ठरला : मदतीला हात पुढे करण्यापूर्वी मनात दहा मोजायचे. हा नियम सगळ्यांत स्वस्त आणि पाळायला सगळ्यांत अवघड. सूनबाईंनी तो पाळला, आबांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, जमायला दोन महिने लागले.

स्प्लिंट माळ्यावर

पाऊल लटकू नये म्हणून दिलेलं प्लास्टिकचं स्प्लिंट जूनपासून माळ्यावर होतं. घोट्याच्या आतल्या बाजूला फोड आला होता, तिथे जाणीव कमी असल्यानं आबांना कळला नव्हता. स्प्लिंट काढल्यावर कातडी बघायची. लाली २० मिनिटांत गेली नाही तर तिथे दाब पडतोय, बनवणाऱ्याकडे नेऊन ती जागा गरम करून बाहेर काढून घ्यायची. घरी मेणबत्तीवर धरून वाकवायचं नाही. आत गुडघ्यापर्यंतचा सुती मोजा. सुरुवात एका तासापासून, रोज थोडं वाढवत.

आणखी एक बारीक गोष्ट. आबा उजव्या पायात स्प्लिंट आणि बूट घालत, डावा पाय घरात अनवाणी. म्हणजे उजवा पाय इंचभर लांब, आधीच न उचलणारा. घरातही दोन्ही पायांत सारख्या जाडीचा तळ हवा. मागे पट्टा असलेली सँडल चालते. अंगठ्याची चप्पल आणि सपाता, दोन्ही बाद.

"अभंग येतोय, मग बोलत का न्हाईत?"

काकूंचा हा संशय अनेक घरांत ऐकू येतो. संध्याकाळच्या भजनात आबा अख्खा अभंग चालीवर म्हणत. पाणी हवं असेल तर मात्र "ते... ते..." आणि चिडून एक शिवी. घरच्यांना वाटलं, मुद्दाम करतात. तसं नाही. नवं वाक्य जुळवायचं काम मेंदूच्या डाव्या बाजूचं असतं, तिथेच इजा झालेली. चाल, पाठांतर, आकडे मोजणं, शिव्या या घोटून बसलेल्या गोष्टी निराळ्या वाटेनं येतात, उजवी बाजू त्यांना हात देते. शिवी म्हणजे उद्धटपणा नव्हे, तेवढा एकच शब्द वाटेत सापडतो.

टीव्ही बंद, एका वेळी एकानं बोलायचं, प्रश्न हो-नाहीत उत्तर येईल असा. पण आबांची 'हो' आणि 'नाही' कधीकधी उलट होते, म्हणून उत्तर आलं की दुसऱ्या बाजूनंही विचारायचं. "चहा पायजे?" आणि मग "चहा नको?" शब्द तोंडाशी आलाय असं दिसलं तर पुरवायचा नाही, तिथेही दहा मोजायचे. मोबाइलमध्ये ४० फोटो काढून ठेवले : चहा, लुंगी, चष्मा, बाग, मोटरसायकल, बँक, दुखतंय अशी खूण केलेला खांदा. आबा बोट ठेवतात. चालीवर लहान वाक्यं बसवायचा प्रयोग वाचा-उपचार तज्ज्ञाच्या सल्ल्यानं झाला. "पाणी दे" आणि "बस जरा" एवढी दोन पक्की झाली. दोनच, पण दिवसातून वीसदा लागणारी.

जुलैत आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहत, पहाटे तीनला जागे, भजनही सोडलं. "मन घट्ट करा" असं येणारे-जाणारे सांगत. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि ते आजाराचाच भाग असतं, त्यावर औषध असतं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, फरक दिसायला चार आठवडे लागले. जी बोलू शकतात अशी माणसं आणि त्यांना सांभाळणारे टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी नंबरवर मराठीत बोलू शकतात. आबांना ते शक्य नव्हतं, काकूंनी स्वतःसाठी फोन केला.

बीपी नॉर्मल आलं म्हणून

ऑगस्टमध्ये बीपी १६८/९६. जूनमध्ये १२८ आलं म्हणून एक गोळी बंद केलेली. गोळीनं आलेलं नॉर्मल गोळी थांबवल्यावर राहत नाही, हे औषधाच्या दुकानात कुणी सांगत नाही. बहुतेकांसाठी १३०/८०च्या खाली हे लक्ष्य असतं, नेमकं डॉक्टर ठरवतात. मोजायचं डाव्या, चांगल्या दंडावर, पाच मिनिटं शांत बसून, आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू नाही, पट्टा छातीच्या पातळीला. दोनदा मोजून वहीत. गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी दात काढायच्या आधीही परस्पर बंद करायची नाही, दोन्ही डॉक्टरांना विचारायचं. तंबाखू सुटली म्हणता येणार नाही, दिवसाच्या आठ बारांवरून एकावर आलीय आणि तो एक काकूंना माहीत नाही असं आबांना वाटतं.

दुसऱ्या झटक्याची तयारीही करून ठेवली. तोंड वाकडं, हात पडला, बोलणं अडखळलं, लगेच १०८. पण ज्याचं तोंड आधीच थोडं वाकडं आणि बोलणं आधीच तुटकं, त्याच्यात नवीन काय ते ओळखणार कसं? म्हणून नातवानं आबांचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवला : हसताना, दोन्ही हात पुढे धरताना, "पाणी दे" म्हणताना. शंका आली की शेजारी ठेवून बघायचं. शेवटचे धडधाकट कधी दिसले ती वेळ लिहायची आणि मधल्या दवाखान्यात न थांबता सीटी स्कॅनची सोय असलेल्या मिरज-सांगलीकडेच.

पडल्यावर उचलायची घाईही अशीच नडते. आधी डोकं, कंबर, मांडी बघायची. डोक्याला लागलं असेल तर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे, वरून ठीक दिसलं तरी दवाखाना. काही नसेल तर आबांनी डाव्या कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हातावर भार देऊन बसायचं. समोर जड खुर्ची. गुडघ्यांवर येऊन डावा हात खुर्चीवर, डावं पाऊल पुढे रोवून उठायचं, मागे दुसरी खुर्ची सरकवलेली. धरणाऱ्यानं फक्त कमरेचा पट्टा धरायचा. हे पडायच्या आधी, गादीवर, चारदा करून बघितलं.

सही

ऊसाचं बिल खात्यावर आलं होतं, काढता येईना. सही उजव्या हाताची, ती जुळत नाही. मुलगा एकटाच गेला आणि परत आला. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदाराला अंगठा उठवून पैसे काढता येतात : दोन साक्षीदार लागतात, बँकेच्या ओळखीचे, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. आबा चालू शकत असल्यानं त्यापेक्षा सोपा मार्ग घेतला. शाखेत जाऊन डाव्या हाताची नवी सही नमुना म्हणून दिली. ती सही आधी तीन आठवडे वहीत गिरवली होती, कारण डावी सही रोज निराळी आली तर आगीतून फुफाट्यात.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी घाई करून उपयोग नसतो. मेंदूच्या आजारात कायमचं अपंगत्व ठरवण्यासाठी सहा महिने उलटावे लागतात. आबांनी नवव्या महिन्यात स्वावलंबन पोर्टलवर अर्ज केला, जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. ४० टक्के ही बहुतेक सवलतींची किमान रेषा, आबा तिच्या वर आले. जाताना डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचा रिपोर्ट आणि फिजिओचा शेवटचा कागद न्यायचा. वाचा गेलेली असेल तर तेही तपासायला सांगायचं, नाहीतर फक्त हातापायाचे टक्के पडतात.

मोटरसायकलचा विषय आबांनी फोटोवर बोट ठेवून तीनदा काढला. उत्तर नाहीच राहिलं. अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक उजव्या हाताला, मागचा ब्रेक उजव्या पायाला. थांबायची आणि पळायची सगळी सूत्रं नेमकी गेलेल्या अंगाकडे. बागेत जातात, सकाळी दहाच्या आत, ४० मिनिटं, कुणीतरी सोबत. ठिबकच्या नळ्या पाय अडकवतात म्हणून एक ओळ मोकळी करून मुरूम टाकला. वेलीच्या तारांखाली हात वर करून करायची कामं नाहीत. मजुरांची हजेरी डाव्या हातानं, नावापुढे फुली. थकवा अचानक कोसळतो, त्यामुळे दमल्यावर बसायचं नाही, दमायच्या आधी बसायचं.

मोजमाप दर महिन्याच्या एक तारखेला, देवळासमोरच्या फरशीवर. खडूच्या दोन रेघा १० मीटरवर, सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन मीटर जास्तीचे, वेळ फक्त मधल्या १० मीटरची. २५ सेकंदांच्या वर म्हणजे माणूस घरापुरता. साडेबाराच्या आत आला तर बाजारहाट करू शकतो. आबा ऑगस्टमध्ये २७, ऑक्टोबरात २२, डिसेंबरात १८, फेब्रुवारीत १७. साडेबारा होईल असं वाटत नाही. १७ टिकवणं हेच आता काम आहे.

फेब्रुवारीपासून पुन्हा शेड सुरू झालंय, पुन्हा पहाटे पाचचा चहा, तीच घाई. या खेपेला आबांचा सदरा सहा मिनिटांचा आणि त्यासाठी त्यांना साडेचारला उठवायचं ठरलंय. सूनबाई चहा टाकतात, आबा खाटेच्या कडेला मिनिटभर बसून मग उभे राहतात, उजवी बाही आधी. परवा पुतण्याच्या साखरपुड्याला पंगतीत बसले, चमचा खिशातून नेला होता.